चित्राखालची ओळ

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त सावंतवाडी येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण. वक्त्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी असून म्हैसूर येथे डिजिटल चित्रकार म्हणून काम करतात.)



आठवीत असताना आमच्या चित्रकलेच्या सरांचा एक दंडक आम्हां मुलांना फार जाचक वाटे. वार्षिक हस्तलिखितासाठी काढलेले चित्र कितीही चांगले उतरलेले असो, त्याखाली शिसपेन्सिलीने एक ओळ लिहिल्याखेरीज सर ते हातात घेत नसत. नाव, इयत्ता, विषय, माध्यम आणि दिनांक, एवढाच त्या ओळीचा मजकूर. मित्राकडून थोडी मदत घेतली असेल तर तेही लिहायचे. ‘सर, चित्र बघा ना, ओळीचे काय एवढे?’ असे एकदा मी धिटाईने विचारले. सर म्हणाले, ‘तू इथे उभी आहेस तोवर ओळीची गरज नाही. तू घरी गेलीस की मग आहे.’

ते वाक्य मला समजायला पुढे बरीच वर्षे लागली. संयोजकांनी आज मला ‘डिजिटल कलावंताने आपले काम कसे मांडावे’ या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. विषय नवा दिसतो, परंतु त्याचा पहिला धडा मी याच शाळेत गिरवला असल्याने आज बोलताना संकोच थोडा कमी आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी म्हैसूरला गेले, तेव्हा त्या शहराविषयी मला दसरा, चंदन आणि मैसूरपाक यांपलीकडे फारसे ठाऊक नव्हते. पहिल्याच रविवारी मी जगनमोहन राजवाडा पाहायला गेले. तिसरे कृष्णराज वडियार यांनी १८६१ साली बांधलेला हा राजवाडा. १८९७ मध्ये मुख्य राजवाड्याला आग लागली, तेव्हा राजघराण्याचा मुक्काम येथेच होता. १९१५ पासून येथे कलासंग्रहालय आहे. राजा रविवर्मा यांची चित्रे पाहावीत म्हणून दुरून लोक येतात, मीही त्याचसाठी गेले होते. एका बाजूला मंद प्रकाशात एक चित्र लावलेले होते. हातात दिवा घेतलेली एक तरुणी, दुसऱ्या हाताचा आडोसा ज्योतीला दिलेला, आणि बोटांच्या कडांमधून झिरपणारा तांबूस उजेड तिच्या चेहऱ्यावर पडलेला. त्या चित्रासमोर लोक आपोआप हळू आवाजात बोलू लागतात. माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ आपल्या कुटुंबाला सांगत होते, ‘हे रविवर्म्याचे सगळ्यात प्रसिद्ध चित्र.’

मी खाली लिहिलेले नाव वाचले आणि क्षणभर माझाच विश्वास बसेना. चित्र रविवर्म्यांचे नव्हते. ते आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांचे होते.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, सावंतवाडी. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रकला संस्था काढली, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत ते होते. १९६८ साली ते निवर्तले. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ओळखले जाणारे हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास काढले. दिवाळीच्या दिवसांत दिवा घेऊन उभी राहिलेली त्यांची कन्याच त्या चित्रातली तरुणी आहे. पाहणाऱ्या बहुतेकांना हे तैलरंगातील काम वाटते. प्रत्यक्षात ते जलरंगातील आहे. जलरंगात एकदा झाकलेला कागदाचा पांढरेपणा सहजी परत मिळत नाही. त्यामुळे असा उजेड मुळातच राखून ठेवावा लागतो. ज्यांनी हातात ब्रश धरला आहे, त्यांना या एका माहितीने चित्राची थोरवी दुपटीने कळते.

रविवर्मा १९०६ साली वारले, म्हणजे हे चित्र निर्माण होण्याच्या जवळपास चाळीस वर्षे आधी. तरीही आजतागायत अनेक पाहुणे, अनेक प्रवासवर्णने आणि फोनवरून फिरणारे असंख्य संदेश ते चित्र रविवर्म्यांच्या खात्यावर जमा करतात. यात कोणाचे कपट नाही. संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रे आहेत, त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे, आणि माणसाचे मन ओळखीच्या नावाकडे आपसूक वळते. मोठे नाव शेजारच्या कमी परिचित नावाला असे नकळत गिळून टाकते. त्या दिवशी सरांचे वाक्य मला पुन्हा ऐकू आले. चित्रकार घरी गेला की चित्र एकटे उरते. त्याच्या बाजूने बोलायला ती एक ओळच असते, आणि तीही लोकांनी वाचली तर.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगते. म्हैसूरला येण्यापूर्वी मी बंगळुरूच्या एका स्टुडिओकडे अर्ज केला होता. संगणकीय खेळांसाठी पात्रे आणि पार्श्वभूमी रेखाटण्याचे काम होते. अर्जासोबत आपल्या कामांचा संग्रह, म्हणजे पोर्टफोलिओ, पाठवायचा होता. मी चौसष्ट चित्रे पाठवली. महाविद्यालयातील अभ्यासचित्रे, मित्रमैत्रिणींची व्यक्तिचित्रे, गणपतीच्या सजावटीचा आराखडा, एका लग्नपत्रिकेची नक्षी, गाजलेल्या चित्रपटांतील नायकांची चित्रे, आणि चौघांनी मिळून केलेला एक चलत्चित्र प्रकल्प. एवढे सारे पाहून समोरचा माणूस थक्क होईल, अशी माझी समजूत होती. मुलाखतीत एका ज्येष्ठ चित्रकाराने पडद्यावर तो चलत्चित्र प्रकल्प उघडला आणि अगदी शांतपणे विचारले, ‘यात तुमचे काय?’

मी पार्श्वभूमी आणि रंगयोजना केली होती. पात्रे दुसऱ्या मुलीची होती, हालचाल आणखी दोघांनी दिली होती. हे मी तोंडी सांगितले, परंतु पानावर त्याचा उल्लेख कोठेही नव्हता. ते गृहस्थ म्हणाले, ‘तुम्ही खोटे बोलता असे मी म्हणत नाही. पण तुमच्या आधी याच प्रकल्पाची हीच चित्रे दुसऱ्या एका उमेदवाराने दाखवली. त्यांनीही काही लिहिलेले नव्हते. मी काय समजायचे?’ त्यांच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते काम मला मिळाले नाही. ज्या मुलीने पात्रे रेखाटली होती, ती माझी जिवलग मैत्रीण होती. तिच्या वाट्याचे श्रेय मी अनवधानाने घेतले होते, हे तिला दूरध्वनीवरून सांगताना मला जेवढी शरम वाटली, तेवढी नकार ऐकताना वाटली नव्हती.

तेव्हापासून पोर्टफोलिओकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. पोर्टफोलिओ ही आपल्या सर्व कामांची कोठी नव्हे. एका विशिष्ट माणसाच्या काही विशिष्ट प्रश्नांना दिलेले ते उत्तर असते. तो माणूस घाईत असतो, त्याच्यासमोर त्याच दिवशी आणखी पुष्कळ संग्रह असतात, आणि आपण तेथे हजर नसतो. त्याचे प्रश्न साधेच असतात. या व्यक्तीला आमचे काम जमेल काय? हे काम खरोखर तिचेच आहे काय? ती विचार कसा करते? आणि तिच्याबरोबर काम करणे सोपे जाईल काय? या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर न देणारे चित्र कितीही देखणे असले तरी त्या संग्रहात परके ठरते.

यातून पहिले कर्तव्य निघते ते निवडीचे. चौसष्टांतून मी शेवटी दहा ठेवली. बाकीची फेकली नाहीत, घरी ठेवली. प्रत्येक चित्र काढून टाकताना जीव तुटतो, कारण त्यामागचे जागरण आपल्याला आठवत असते. पाहणाऱ्याला ते जागरण दिसत नाही, त्याला फक्त कमकुवत चित्र दिसते. आणि त्याच्या मनात आपली पातळी ठरते ती बहुधा त्या कमकुवत चित्रावरून, कारण ‘हे वाईट आहे हे हिला कळत नसावे’ अशी शंका त्याला येते. म्हणून मी नवोदितांना सांगते, आठ ते बारा कामे पुरेत. अकरावे काम ठेवावे की नाही याबद्दल मनात शंका असेल तर ते ठेवू नये.

दुसरी बाब क्रमाची. म्हैसूरच्या मुख्य राजवाड्यातील कल्याण मंडपाच्या भिंतींवर दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रे आहेत. आपण मंडपात फिरू लागलो की मिरवणूक आपल्यासोबत चालू लागते. अनेक चित्रकारांच्या हातचे ते काम आहे, तरीही पाहणारा कोठे अडखळत नाही, कारण एका चौकटीने पुढच्या चौकटीची अपेक्षा निर्माण केलेली असते. संग्रहातही असेच असावे. सर्वांत भक्कम काम पहिले, त्याच्या खालोखालचे शेवटी, आणि मधली कामे एकमेकांशी नाते सांगणारी. एका पात्राचे चित्र, मग त्याच पात्राचे विविध भाव, मग त्याचे घर, मग त्याच्या हातातील वस्तू, अशी मांडणी केली की चित्रकाराच्या विचारांचा माग पाहणाऱ्याला लागतो. सुटी सुटी दहा चित्रे तेवढे सांगू शकत नाहीत.

तिसरी बाब आपल्या गावाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या राजवाड्यात रंगवला जाणारा गंजिफा आपण सर्वांनी पाहिला आहे. सत्तरच्या दशकात राजघराण्याने ही मावळती कला पुन्हा उभी केली. म्हैसूरच्या वडियार राजांनाही गंजिफाचे मोठे वेड होते, हे कळले तेव्हा मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, अशी एकशेवीस पाने असतात. हातात पानांचा पंखा धरलेला खेळाडू प्रत्येक पान निरखत बसत नाही. जमिनीचा रंग आणि एक लहानशी खूण एवढ्यावरून तो मत्स्य की वामन हे ओळखतो. संकेतस्थळावर आपल्या चित्राची प्रथम दिसते ती अशीच एक लहानशी प्रतिमा, तिला थंबनेल म्हणतात. ती अंगठ्याच्या नखाएवढी झाली तरी चित्राचा विषय ओळखू आला पाहिजे. गुंतागुंतीचे संपूर्ण चित्र आक्रसून तेथे कोंबण्यापेक्षा एक चेहरा, एक मुद्रा, एक स्पष्ट आकार पुरतो.

चौथी बाब तांत्रिक आहे, पण दुर्लक्ष केल्यास महाग पडणारी. छपाईच्या रंगपद्धतीत साठवलेले चित्र पडद्यावर फिके किंवा विचित्र दिसू शकते, म्हणून पडद्यासाठीच्या प्रती एसआरजीबी या रंगपद्धतीत असाव्यात. धारिका इतकी जड नसावी की उघडेपर्यंत पाहणाऱ्याचा उत्साह मावळावा. पार्श्वभूमी शांत असावी. चित्रावर आडवातिडवा भला मोठा शिक्का मारल्याने चोरी फारशी थांबत नाही, चित्र मात्र बिघडते. कोपऱ्यात लहान, वाचता येईल अशी स्वाक्षरी पुरेशी आहे. आर्टस्टेशन, बिहान्स यांसारख्या ठिकाणी कामे जरूर ठेवावीत, परंतु ही ठिकाणे दुसऱ्याच्या मालकीची आहेत. बिहान्स २०१२ मध्ये अडोबीकडे गेले, आर्टस्टेशन २०२१ मध्ये एपिक गेम्सकडे. मालक बदलला की नियमही बदलू शकतात. म्हणून मूळ धारिका, लेयरसकट, आपल्या घरी किमान दोन जागी सांभाळाव्यात, आणि संग्रहाची एक पीडीएफ प्रत नेहमी तयार ठेवावी. शेवटी संपूर्ण संग्रह एखाद्या साध्या फोनवर, भर उन्हात उभे राहून पाहावा. तेथे जो टिकला, तो सगळीकडे टिकतो.

आता मी मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे चित्राखालच्या ओळीकडे येते. डिजिटल कामात ही ओळ थोडी लांबते. काम कोणासाठी केले, किती दिवसांत केले, कोणती साधने वापरली, आणि त्यातील आपला वाटा कोणता, एवढे त्यात यावे. ‘पार्श्वभूमी व रंगयोजना माझी. पात्रे अमुक यांची, हालचाल तमुक यांची’ असे लिहिल्याने आपण लहान होत नाही. उलट ज्याच्याकडे माणसे मिळून काम करतात, त्याला अशीच व्यक्ती हवी असते. चित्र एखाद्या छायाचित्रावरून केले असेल, एखाद्या शिकवणीतील पायऱ्या गिरवून केले असेल, तर तसे सांगावे. आणि एखादे काम कंपनीच्या गोपनीयतेच्या कराराखाली असेल तर ते प्रसिद्ध होईपर्यंत दाखवू नये. दुसऱ्याचे गुपित आपल्याला दाखवणारा उद्या आपलेही गुपित दुसऱ्याला दाखवील, हे पाहणाऱ्याला कळते.

यंत्राने निर्माण केलेल्या प्रतिमांबद्दल आज प्रत्येक पालक विचारतो. डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशनवर जगभरच्या चित्रकारांनी एकाच निषेधाची प्रतिमा लावून आपला रोष प्रकट केला होता, कारण त्यांच्या चित्रांवर पोसलेली यंत्रे त्यांच्याच शेजारी बसू लागली होती. मतभेद अजून मिटलेले नाहीत, आणि मी येथे त्यांचा निवाडा करणार नाही. नवोदितांसाठी एक गोष्ट मात्र निश्चित आहे. यंत्राची मदत घेतली असेल तर कोठे आणि किती, हे लिहिले पाहिजे. तयार चित्र क्षणात मिळू लागल्यापासून पाहणाऱ्याचे लक्ष प्रक्रियेकडे अधिक वळले आहे. कच्ची रेखाटने, फसलेले दोन पर्याय, छायाप्रकाशाचा पहिला अंदाज, त्रिमित आकृती असेल तर तिचा जाळीदार सांगाडा, असे एखाद-दोन कामांसोबत जोडावे. हळदणकरांचे चित्र जलरंगातील आहे हे कळल्यावर आपण ते पुन्हा पाहतो. प्रक्रियेची पाने आपल्या कामासाठी तेच करतात.

कायद्याचीही थोडी ओळख असावी. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः मालकाचा असतो. म्हणून ते चित्र आपल्या संग्रहात ठेवण्याची परवानगी करारातच मागून घ्यावी. मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कलावंताला एक वेगळा हक्क देते. कॉपीराइट दुसऱ्याकडे गेल्यावरही ‘हे काम माझे आहे’ असे सांगण्याचा, आणि आपल्या कीर्तीला बाधा येईल अशी त्याची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा तो हक्क होय. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले होते. ते याच कलमाच्या आधारे लढले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. नावाचा आग्रह म्हणजे अहंकार, असे आपल्या संस्कारांत कधी कधी शिकवले जाते. कायदा तसे मानत नाही.

पालकांशी दोन शब्द बोलते. ‘मुलगा दिवसभर संगणकावर चित्रे काढतो, याचे पुढे काय?’ हा आपला प्रश्न मला परका नाही. माझ्या आईबाबांनीही तो विचारला होता. माझी विनंती एवढीच, की त्याच्या चित्रांना किती जणांनी पसंतीचा अंगठा दाखवला हे मोजू नका. त्याऐवजी त्याला शेजारी बसवून विचारा, ‘यात तुझे काय? हे असेच का काढलेस? पुन्हा काढायचे झाले तर काय बदलशील?’ तीन प्रश्नांना जो मुलगा तीन सरळ वाक्यांत उत्तरे देऊ शकतो, त्याचा पोर्टफोलिओ अर्धा तयार आहे. त्याची जुनी चित्रे रद्दीत देऊ नका, मागे तारीख घालून ठेवा. आणि इंग्रजीची भीती बाळगू नका. मी आजही प्रत्येक चित्राची ओळ आधी मराठीत लिहिते. मराठीत जे नेमके सांगता येत नाही, ते मला अजून समजलेले नसते. समजले की त्याचे साधे इंग्रजी कोणीही करून देते. मराठी माध्यमात शिकल्यामुळे एकही काम माझ्या हातून गेले नाही. जे गेले, ते ओळ न लिहिल्यामुळे गेले.

काही काळापूर्वी आपल्याच जिल्ह्यातील एका मुलाने मला तीस चित्रे पाठवली. अठ्ठावीस चित्रांत जपानी चित्रमालिकांतील वीर होते. उरलेल्या दोन चित्रांत जत्रेतील दशावतारी नाटकाचा एक नट होता. एकात तो स्वतःच स्वतःची रंगभूषा करत होता, दुसऱ्यात पहाटे रंग उतरवून पेटाऱ्यावर डोके टेकून झोपला होता. मी त्या मुलाला विचारले, ‘ही दोन का काढलीस?’ तो म्हणाला, ‘ते माझे काका आहेत.’ मी म्हटले, ‘मग अठ्ठावीस काढून टाक आणि काकांबरोबर आणखी चार जत्रा कर.’ त्याने ते मनावर घेतले. संकासुराची काळी आकृती, मुकुटाचे तपशील, पेटाऱ्यातील वस्तूंचे एक पान, रात्रीच्या दिव्यातील देवळाचे अंगण, आणि दिवसा शेतात राबणारा तोच राजा, अशी नऊ चित्रे झाली. प्रत्येकाखाली कोठल्या जत्रेत, कोणाला पाहून काढले, हे लिहिले. पहिल्या स्टुडिओने त्याला नकार दिला. दुसऱ्याने चाचणीचे काम दिले, आणि आता तो तेथे उमेदवारी करतो आहे. जपानी वीर काढणारी मुले त्या स्टुडिओकडे रोज येतात. काकांना ओळखणारा मात्र तोच एक होता.

शेवटी, कालची एक गोष्ट सांगितल्यावाचून मला येथून जाता येणार नाही. हीरक महोत्सवाच्या प्रदर्शनात जुन्या हस्तलिखितांतील चित्रे लावली आहेत. मोठ्या कौतुकाने मला एका चित्रापुढे नेण्यात आले. मोती तलावाचे, पावसाळी संध्याकाळचे जलरंगातील चित्र. पाण्यावरचा उजेड असा साधलेला, की मला आजही साधेल याची खात्री नाही. चौकटीत बसवताना खालची कड कापली गेली होती, त्याबरोबर ती ओळही. संयोजकांनी त्याखाली माझे नाव लावले होते. वर्ष जुळत होते, आणि त्या वर्गातून चित्रकार झालेली मी एकटीच. त्यामुळे त्यांना दुसरे नाव सुचलेच नाही. त्यांच्याकडून झाली ती प्रेमापोटी झालेली चूक आहे.

चित्र माझे नव्हते. ते माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे होते. नववीनंतर घरच्या अडचणीमुळे तिची शाळा सुटली. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे सरांना ठाऊक होते आणि मलाही. क्षणभर मी तेथे गप्प उभी राहिले, हे आपल्यापासून लपवत नाही. भोवती माणसे होती, छायाचित्रे निघत होती, आणि गप्प राहणे सोपे होते. मग मला जगनमोहन राजवाड्यातील ते शेजारचे गृहस्थ आठवले. काल रात्री मी मैत्रिणीला शोधून दूरध्वनी केला. चित्र अजून आहे हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘तलावाच्या पलीकडचा दिवा दिसतो काय गं त्यात अजून?’ दिसतो, असे मी सांगितले.

आज सकाळी त्या चित्राखाली तिचे नाव लागले आहे. इयत्ता, विषय, माध्यम आणि साल, सरांच्या पद्धतीनेच. आपण सर्वांनी प्रदर्शन पाहताना ते अवश्य वाचावे. आणि शाळेला माझी एक नम्र विनंती आहे. साठ वर्षांची ही हस्तलिखिते संगणकावर आणावीत, चित्रांच्या कडा न कापता आणावीत, आणि ज्या चित्रांखालची ओळ हरवली आहे ती चित्रे माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवून नावे शोधावीत. या कामासाठी लागेल तेवढा वेळ देण्यास मी बांधील आहे. आपल्यापैकी कोणाकडे जुनी पाने असतील, कोणाला एखाद्या चित्राचा धनी आठवत असेल, तर त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यालयात नोंद करावी.